कवेलू, पोतारा आणि पाहुणे

मृग लागायला पंधरा दिवस उरले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत माणसं घरावर चढतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज या धानाच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो, म्हणून हे काम पहाटे सुरू होतं आणि ऊन चढायच्या आत थांबतं. एक जण छपरावर, एक शिडीवर, एक खाली. जुनी कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची, धड असतील ती झटकून पुन्हा ओळीने रचायची. याला कवेलू फेरणं म्हणतात. फेरताना वर्षभराची काजळी, पालापाचोळा, उंदरांनी ओढून नेलेल्या धानाच्या लोंब्या, चिमण्यांची घरटी आणि एखादा विंचू असं सगळं खाली घरात पडतं. मग घरातल्या बायांपुढे पर्याय उरत नाही. खाटा, अंथरुणं, भांडी, देव सगळं अंगणात काढावंच लागतं.

घर एकदा आतून-बाहेरून साफ करावं असं कोणत्याही कुटुंबाला वर्षातून दहादा वाटतं आणि दहादा ते पुढे ढकललं जातं. नोकरी, शाळा, आजारपण, मुलांचा पसारा यांमुळे त्यात मन लागत नाही, ही तक्रार आता गडचिरोलीच्या कॉम्प्लेक्स भागातही ऐकू येते आणि चंद्रपूरच्या तुकुममध्येही. या जंगलपट्ट्याची जुनी रीत पाहिली तर मात्र ध्यानात येतं, की साफसफाई तिथे कोणाच्या मनावर सोडलेलीच नव्हती. पाऊस, पीक, देव आणि पाहुणे, या चौघांनी तिच्या तारखा ठरवलेल्या होत्या. एकाने सवड दिली तरी दुसरा दारात उभा असे.

या चौघांतला पहिला, पाऊस. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो भरपूर पडतो. पूर्वेला, वैनगंगेपलीकडे, आणखी जास्त. देशी कवेलू म्हणजे कुंभाराने चाकावर नळीसारखं फिरवून मधोमध चिरलेलं अर्धगोल. ते जागेवर बसतं ते केवळ स्वतःच्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने. जंगलालगतच्या गावात वानरांची एक टोळी छपरावरून पळाली की अर्धी ओळ सरकते, आणि सरकलेल्या कवेलूखाली नेमकी धानाची ढोली असते. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यावर तशी सपाट, खाचांत अडकणारी कौलं देशभर गेली. विदर्भात त्यांचं नाव पडलं इंग्रजी कवेलू. ती आधी सरकारी बंगल्यांवर आणि मालगुजारांच्या (गावच्या जमीनदारांच्या) वाड्यांवर दिसली, साध्या घरांवर फार उशिरा. त्यामुळे कवेलू फेरण्याचं वार्षिक प्रकरण सामान्यांच्या नशिबी कायम राहिलं, आणि त्याच्यासोबत घर रिकामं करण्याचंही.

छपराखाली चूल. तिचा धूर घर काळं करतो हे खरं, पण तोच धूर बांबूला भुंग्यापासून वाचवतो. स्वयंपाकघरावरचं छप्पर बाकीच्या घराच्या छपरापेक्षा जास्त टिकतं, हे जुन्या सुतारांना ठाऊक असतं. म्हणून जळमटं काढायची, पण मयालीवरची काजळी खरवडत बसायचं नाही. कोणती घाण ठेवायची, याचाही एक हिशेब होता.

घरात सामान थोडं असलं तरी त्याला जागा नेमलेली असे. बांबूची ढोली, तिला आतून-बाहेरून शेणामातीचा लेप, आत धान. माळ्यावर मोहफुलं, चिंच, बियाणं. आड्याला टांगलेली टोपली मांजर-उंदरांच्या पोहोचेबाहेर. भिंतीला सूप. सपरीत नांगर, जू, दोर. या सगळ्या वस्तू बुरडाच्या हातच्या आणि जंगलातल्या बांबूच्या. घर नीटनेटकं ठेवण्याचा प्रश्न म्हणजे या भागात बांबू कोणाचा, हा प्रश्न होता. चांदा १८५४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर जंगल सरकारजमा झालं, गावाला निस्तारापुरता, म्हणजे घरगुती गरजेपुरता, हक्क उरला. पुढे कागद कारखान्यांना बांबूचे ठेके गेले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. ही कथा एरवी स्वराज्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण ढोली विणायला लागणारा बांबूही त्याच जंगलातला, हे वाचकाने विसरू नये.

घरकामाचं वेळापत्रकही जंगलानेच आखलं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. तेव्हा बाया घर सोडून झाडाखालची जमीन झाडत असतात, कारण फूल पाचोळ्यात पडलं तर वेचता येत नाही. (पाचोळा झाडण्याऐवजी तो पेटवून देणं सोपं, आणि उन्हाळ्यातल्या कित्येक वणव्यांचं मूळ या सोप्या वाटेत आहे.) मे महिन्यात तेंदूपत्ता: पहाटे तोडणी, दुपारी पुडे बांधणी, संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजणी. या दिवसांत घराकडे कोणी पाहत नाही आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलही लावत नाही. पत्ता संपला की कवेलू. कवेलू झाली की पेरणी, मग चिखल आणि रोवणी. पुन्हा घर दिसतं ते थेट पोळ्याला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबती प्रसिद्ध आहेत. झाडीपट्टीतल्या गावांत हा प्रकार साधा, घरगुती आणि अधिक थेट असतो. दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या आणि घरातली अडगळ उचलून शिवेपर्यंत ओरडत जायचं आणि तिथे टाकून द्यायचं. ओरडताना मारबतीला जे जे घेऊन जायला सांगतात त्यात रोगराई असते, खोकला असतो, आणि मोंगसे म्हणजे डासही असतात. ऐन भाद्रपदाच्या तोंडावर, हिवतापाच्या मोसमात, सारा गाव एकाच पहाटे डासांना हाकलतो. डास अर्थात जात नाहीत. पण एकाही घराला त्या पहाटे झोपून राहता येत नाही, ही गोष्ट दुर्लक्षण्यासारखी नाही.

खरं मोठं काम नवरात्राच्या आधी सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत चालतं. मराठवाड्यात ज्याला दसरा काढणं म्हणतात, तेच इथे पोताऱ्याच्या नावाने होतं. घटस्थापनेपूर्वी गोधड्या, सतरंज्या, वाकळी नदीवर किंवा तलावावर जातात. मालगुजारीच्या काळात बांधलेल्या तलावांच्या काठी त्या दिवसांत दगड मिळणं मुश्कील. मग भिंती. पावसाने पोपडे निघालेले असतात, ते मातीने लिंपायचे, सुकू द्यायचे, वरून पांढऱ्या मातीचा हात, तोच पोतारा. ही माती प्रत्येक गावात नसते. ती जिथे निघते ती जागा गावोगावच्या बायांना माहीत असते आणि तिथे जायचं ते टोळीने. एकटी बाई माती आणायला निघत नाही. टोळीचा दिवस ठरला की जिची माती आणायची राहिली तिचा पोतारा राहिला, आणि तिची भिंत गल्लीत उठून दिसली. भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा काळसर मातीचा पट्टा ओढायचा, म्हणजे सारवताना उडालेले शिंतोडे दिसत नाहीत.

सारवणाबद्दल अलीकडे भाबडं पुष्कळ लिहिलं जातं. शेणाने जंतू मरतात, किरणं अडतात वगैरे. त्याची गरज नाही. मातीची जमीन चालून-चालून सुटते, धूळ उडते, भेगा पडतात, भेगांत मुंग्या आणि ढेकूण राहतात. शेणातला न पचलेला चारा मातीला धरून ठेवतो, लेप भेगा बुजवतो आणि धूळ बसते. एवढं काम पुरेसं मोठं आहे. झाडीपट्टीत गुरं भरपूर, दूध कमी, शेण मुबलक. साहित्य फुकट होतं. मोल होतं ते गुडघ्यांचं.

हे गुडघे कोणाचे, हा प्रश्न इतिहासात फारसा विचारला गेला नाही. मालगुजाराच्या वाड्याचं सारवण, झाडलोट, धान कांडणं ही कामं गावातल्या कुळांच्या आणि गड्यांच्या बायकांकडे असत. कधी मूठभर धानावर, कधी नुसत्या वेठीवर. मालकी हक्क नाहीसे करणारा तत्कालीन मध्य प्रदेशाचा १९५० चा कायदा अमलात आला आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तेव्हा वाड्यांच्या भिंतींचे पोपडे पहिल्यांदा दिसू लागले असतील. घराघरातली वाटणी मात्र कायद्याने बदलली नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. कवेलू फेरणं हे पुरुषांचं काम वर्षातून एकदा येतं आणि सगळ्यांना दिसतं. सडा रोजचा, म्हणून कोणाला दिसत नाही.

दक्षिण गडचिरोलीत, माडिया गावांत, या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. तिथल्या घराचं अंगण इतकं स्वच्छ झाडलेलं असतं की नवखा माणूस थबकतो. पण पाळी आलेल्या बाईला त्या अंगणात, त्या घरात जागा नसते. तिने गावाकडेच्या कुर्माघरात राहायचं. पावसात गळणारी, दार नसलेली, साप-विंचवांची भीती असलेली ही झोपडी कोणाच्याच घराचा भाग नसल्यामुळे तिची कवेलू कोणी फेरत नसे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रथेची दखल घेतली. अलीकडे काही गावांत पक्की, पाण्याची आणि न्हाणीची सोय असलेली कुर्माघरं बांधून दिली गेली. काहींनी त्याचं स्वागत केलं, तर प्रथाच मोडायची सोडून तिला सिमेंटचं घर कशाला, असंही काहींनी विचारलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण शुद्धता आणि स्वच्छता या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे त्या झोपडीइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पोताऱ्याच्या रीतीशी सरकारची पहिली मोठी टक्कर झाली ती डासांवरून. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं, आणि खांद्यावर पंप घेतलेले फवारणीवाले जंगलातल्या गावांत पोहोचू लागले. त्यांची मागणी अशी, की घरातलं सगळं बाहेर काढा. धान्य, भांडी, अंथरुणं, देव. म्हणजे जे वर्षातून एकदा मोठ्या तयारीने करायचं, ते एका परक्या माणसाच्या सांगण्यावरून, रोवणीच्या धांदलीत. देवाच्या खोलीत आणि चुलीपाशी पुष्कळांनी त्यांना जाऊ दिलं नाही.

खरी अडचण त्यानंतर होती. डीडीटी हवेत काम करत नाही, भिंतीवर करतं. रक्त प्यालेली मादी जड होऊन भिंतीवर बसते, तिथे औषध तिला लागतं. म्हणून फवारणीनंतर दोन-अडीच महिने भिंत सारवायची नाही, पोतारायची नाही, अशी सूचना. आणि पावसाळ्यातल्या दुसऱ्या फेरीनंतरचे दोन-अडीच महिने म्हणजे नेमके पोळा, नवरात्र, दसरा, दिवाळी. भिंतीवर औषधाचे पांढुरके ओघळ, वास, आणि दारात लक्ष्मी. बायांनी भिंत पोतारली. औषध मातीखाली गेलं. देशभरातल्या मातीच्या घरांत हेच घडलं आणि हिवतापाच्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे ते आपल्या अहवालांत अज्ञान म्हणून लिहिलं. त्यात अज्ञान कमी आणि तारखांचा झगडा जास्त होता. नंतर कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आल्या. त्यांना भिंतीची गरज नव्हती. त्या साधारण वीस धुण्यांपर्यंत टिकतात, म्हणून वारंवार धुऊ नका, असं आता आरोग्यसेविकेला सांगावं लागतं. दिवाळीच्या धुण्यात मच्छरदाणी वगळा हे पटवणं किती कठीण, ते तिलाच ठाऊक. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा आजही मोठा आहे.

जे सरकारला जमलं नाही ते खंजिरी घेतलेल्या एका माणसाला बऱ्याच अंशी जमलं. तुकडोजी महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, १९०९ चा. पण तरुणपणातला त्यांचा मोठा काळ चिमूर तालुक्यातल्या रामदिघी-गोंदोड्याच्या जंगलात गेला. ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात चिमूर पेटलं आणि महिनाअखेर त्यांना चंद्रपुरात अटक झाली. १९५५ च्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. पण पोथीपेक्षा जास्त पसरली ती रामधून. पहाटे ठरलेल्या वेळी भजन म्हणत फेरी निघते आणि गावातल्या प्रत्येक गल्लीतून जाते. फेरी दारावरून जाणार म्हणजे त्याआधी दार झाडलेलं, सडा टाकलेला, रांगोळी काढलेली हवी. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर महाराजांचे अनुयायी गीताचार्य तुकारामदादांनी हीच शिस्त पुढे आयुष्यभर चालवली. महाराजांनी कोणाला घर साफ कर म्हणून नुसतं सांगितलं नाही. त्यांनी दररोज पहाटे पाहुणा पाठवला, असं म्हणायला हरकत नाही.

गाडगेबाबांचं तंत्र वेगळं होतं. ते गावात शिरले की स्वतःच झाडू घेत, आणि बघणाऱ्यांना लाज वाटे. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा लाजेची जागा बक्षिसाने घेतली. तपासणी पथक येणार त्या आठवड्यात गावं लखलखायची. पथक गेल्यावर काय व्हायचं, त्याचं वर्णन ज्याने-त्याने आपल्या गावाचं करावं. तरी या अभियानाला हसणं सोपं आहे म्हणून ते फोल ठरत नाही. पथक म्हणजे शेवटी पाहुणेच, फक्त गुण देणारे.

हा केवळ इथला स्वभाव नाही. जपानमध्ये एदो काळात बाराव्या महिन्याची तेरावी तारीख काजळी झाडण्यासाठी नेमलेली होती. शोगुनच्या किल्ल्यात त्या दिवशी झाडणी सुरू होई आणि शहर तिच्यामागे जाई. इराणात नवरोजपूर्वी घर हलवून काढण्याची प्रथा आजही कुटुंबं पाळतात. ज्यू घरांत वल्हांडणाआधी खमिराचा कण राहू नये म्हणून कोपरा न् कोपरा धुंडाळला जातो. तारीख एक, सगळ्यांची एकदमच, आणि मागे कोणीतरी बघणारा: देव, राजा नाहीतर शेजारी.

चंद्रपूर शहरात हा सगळा हिशेब कोळशाने बिघडवला. वरोऱ्याची खाण १८७१ ते १९०६ अशी चालली. मग बल्लारपूर, घुग्घुस, महाकाली. खाणकामगारांच्या वस्त्यांत शेगडीत दगडी कोळसा जळू लागला. १९८० च्या दशकात दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं आलं. गुण जास्त म्हणजे वाईट, हे सांगायला नको. पोताऱ्याने निघते ती घाण घरातली असते: आपला धूर, आपला चिखल, आपल्या धानाचा भुसा. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बसलेली राख घरातली नसते, आणि तिला सण कळत नाही. वर्षातून एकदा हातासरशी संपणारं काम रोजचं झालं, आणि रोजचं झालं तसं ते एकटीचं झालं. आता सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आलापल्लीच्या रस्त्याकडेची घरं लाल केली आहेत. तिथल्या बायांची तक्रार चंद्रपूरच्या बायांना नवी वाटणार नाही.

शहरात आणखी एक गोष्ट घडली. गावात घरातून निघालेली घाण उकिरड्यावर जाई, कुजे आणि मृगाआधी बंडीने शेतात पडे. शहरात उकिरडा नाही, पण गोंडराजांचा परकोट होता. सुमारे ११ किलोमीटरचा, चार दरवाजे, पाच खिडक्या आणि ३९ बुरूज असलेला. घरं साफ होत गेली आणि तटावर झाडोरा, मलबा आणि कचरा साचत गेला. इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ मार्च २०१७ पासून हा तट साफ करायला घेतला. रोज सकाळी, ठरलेल्या वेळी, काही तास. दोनशेहून अधिक दिवस हे न चुकता चाललं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. कौतुक झालं ते चिकाटीचं. पण चिकाटी टिकली कशी, ते पाहण्यासारखं आहे: काम बुरुजाबुरुजाने वाटलेलं, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी, आणि कालची टोळी आज पुन्हा येणार याची खात्री. पांढऱ्या मातीला जाणाऱ्या बायांची रीत यापेक्षा फार निराळी नव्हती.

खेड्यात आता घरकुलं आली आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर मिळतं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. योजना सुरू झाली तेव्हा गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला अनुदान १ लाख ३० हजार रुपये होतं. सिमेंटची जमीन सारवावी लागत नाही, पत्रा फेरावा लागत नाही, वानरांची भीती गेली. बायांच्या गुडघ्यांना हे वरदान आहे आणि त्याबद्दल मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी थोडं गप्प बसावं. पण २६९ चौरस फुटांत ढोली कुठे ठेवायची? माळा नाही, सपरी नाही, आड्याला टांगायला आडंच नाही. टीव्ही, गॅसची टाकी, मुलीचं टेबल, रेशनची पोती, लग्नात मिळालेलं कपाट, त्यावर ब्लँकेटच्या पिशव्या. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी घरकुलाशेजारी जुनं मातीचं घर तसंच ठेवलेलं दिसतं: धान तिथे, चूल तिथे, आजीही बहुधा तिथेच. पोतारा मग दोन घरांचा, एकाला माती आणि दुसऱ्याला बाजारातला रंग.

पावसाचा आणि मातीचा धाक असा कमी होत गेला, तरी या भागात एक धाक शाबूत आहे. तो नाटकाचा. दिवाळी झाली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटकमंडळ्यांचं ठाणं. तिथे त्यांची कार्यालयं असतात आणि गावोगावचे आयोजक येऊन नाटक ठरवून जातात. या रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिची नव्याने ओळख झाली. इथल्या घरांना ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावात मंडई (जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि त्या रात्री नाटक म्हणजे लेकी, जावई, मामा, साळे, सोयरे सगळे हजर. नाटक रात्रभर चालतं, म्हणजे मुक्काम आलाच. कित्येक सोयरिकी याच मुक्कामात जुळतात, आणि मुलगी बघायला आलेला पाहुणा आधी ओसरी बघतो, मग न्हाणी.

गावाच्या नाटकाची तारीख मंडळ ठरवतं, घर नाही. ती बहुधा धान घरी आल्यावर पडते, जेव्हा मळणीची तूस आणि भुसा लक्ष्मीपूजनासाठी पोतारलेल्या घरात पुन्हा पसरलेला असतो. म्हणून घर दुसऱ्यांदा साफ होतं. हा दुसरा हात दिवाळीसारखा सावकाश नसतो. दोन-तीन दिवसांत उरकावा लागतो. शेजारून खाटा, सतरंज्या, मोठी भांडी मागून आणावी लागतात आणि त्यावर नावं घालून ठेवावी लागतात. धानाची पोती एका खोलीत रचून दुसरी मोकळी करावी लागते, आणि पोती उचलणं बायांच्या हातचं नसतं. त्यामुळे वर्षात हा एक असा सफाईचा मोसम आहे, की घरातले पुरुष, कॉलेजातून सुट्टीवर आलेला मुलगा आणि नागपुरात कंपनीत असलेला दीर असे सगळे एकदम कामाला लागलेले असतात. नाटक कोणतं आहे, मुख्य नटी कोण, यावर वाद घालत त्यांचं पोती हलवणं चालू असतं, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, की आधी न्हाणीतला बल्ब बदला.